शंभरातले सात

एका कागदावर मी दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. त्या दोन ओळींमुळे एका माणसाचं अकरा वर्षांचं काम गेलं. ओळी गणिताच्या होत्या, गणित चुकलेलं होतं, आणि ते चुकलं आहे हे कळल्यावरही मी चार महिने तोंड उघडलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहायला बसलो आहे. इतक्या वर्षांत हे मला कुणीही विचारलेलं नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो. गंगाखेडकडच्या शेतकरी घरातला, शेतीची पदवी घेतलेला, परभणीत बियाणं तपासण्याच्या एका कचेरीत नव्यानं लागलेला. पहिली दोन वर्षं परिवीक्षेची होती. साहेबांनी शेरा बरा दिला तर कायम, नाहीतर घरी. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं लोटली होती, नाव अजून लागलं नव्हतं, आणि गावोगाव दोन तट पडले होते. चहाच्या टपरीवर कोण कुणाच्या बाकावर बसतो हे लोक बघत आणि लक्षात ठेवत. मी बसतच नसे. उभ्यानं चहा पिऊन निघायचो. कुणी विषय काढला की गाडीची वेळ झाली म्हणायचो. मला कुठलीच बाजू नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि माझी भीती कायम एकाच बाजूला झुकत होती.

कचेरीत दाणे मोजायला एक रोजंदारीवरचे गृहस्थ होते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, ताडकळसच्या पलीकडच्या एका गावच्या बौद्धवाड्यात घर. रोज पहिल्या एसटीनं यायचे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागलो. अकरा वर्षं ते मोजणीच्या टेबलावर होते, आणि त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव अखेर साहेबांच्या टेबलावर आला होता.

काम असं असे. पोत्यातून नमुना यायचा. त्यातले चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभरचे चार भाग करायचे. प्रत्येक भाग ओल्या कागदात गुंडाळून उगवणीच्या पेटीत उभा करायचा. दहाव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि किती उगवले, किती मेले ते वहीत लिहायचं. यात सगळ्यात महत्त्वाचा नियम दाणे उचलण्याचा. चांगला-वाईट न बघता, हाताला येईल तो दाणा घ्यायचा. दादा मान खिडकीकडे वळवून, बोटांनी पाच-पाच दाणे ओढत. मी पहिल्या दिवशी बघतच राहिलो.

"काय बघायलाव, सायेब?" ते म्हणाले. "आख्ख्या जिल्ह्यात डोळे दुसरीकडं करून जवारी घेणारा मी एकटाच असंन. घरी अशी निवडली तर बायको भाकर देणार न्हाई."

खात्याच्या परीक्षेला संख्याशास्त्राचा पेपर होता आणि मला त्यातलं द्विपद वितरण काही केल्या समजत नव्हतं. पुस्तकात नाणी होती, फासे होते. कळलं ते दादांच्या टेबलावर. प्रत्येक दाण्याला दोनच गोष्टी शक्य: उगवेल किंवा मरेल. एकाचं उगवणं दुसऱ्याला विचारून होत नाही. शंभर दाणे घेतले, बियाणं एकच असलं, तरी एका गुंडाळीत एक मरतो, दुसरीत तीन, तिसरीत एकही नाही. दाणे बघून उचलले की हे सगळं मोडतं. म्हणून ती वळवलेली मान. मी दादांना हे उत्साहानं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे पुस्तकवाल्यालाबी ठाव हाय म्हणा."

मग मी एक खेळ सुरू केला. जुन्या वह्यांतून कपाशीच्या गुंडाळ्या काढल्या. शेकडा सत्तरच्या आसपास उगवणारं बियाणं होतं ते. किती गुंडाळ्यांत अडुसष्ट उगवले, कितींत एकोणसत्तर, कितींत सत्तर, असे आलेखाच्या कागदावर चौकोन भरत गेलो. दोन दिवसांत मध्ये उंच आणि दोन्हीकडे सारखी उतरत जाणारी टेकडी उभी राहिली. पुस्तकात हिलाच प्रसामान्य वक्र म्हटलं होतं. शंभर-शंभर पदांची बेरीज करत बसण्याऐवजी या टेकडीचा आधार घ्यायचा: सरासरी काढायची, विचलन काढायचं, मागच्या कोष्टकात बघायचं, उत्तर तयार. मला ही युक्ती फार आवडली. दोन पानांचं काम दोन ओळींत होत होतं.

त्याच हंगामात ते बियाणं आलं. दादांच्याच गावचे एक मोठे शेतकरी जवारीचं बियाणं तयार करत, त्यांचं. चार गुंडाळ्या उलगडल्या तर मेलेले दाणे निघाले एकीत शून्य, एकीत एक, एकीत दोन आणि चौथीत सात. चार गुंडाळ्यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर चाचणी पुन्हा लावायची, असा नियम. पुन्हा लावली. दहा दिवस गेले. या वेळी चारशेत आठ मेले, म्हणजे शेकडा दोन. बियाणं उत्तम होतं. पण ते दहा दिवस त्या शेतकऱ्याला झोंबले. तेवढ्यात इतरांचं बियाणं दुकानात लागलं होतं.

ते जीप घेऊन आले. बरोबरची दोन माणसं दारातच उभी राहिली. साहेबांनी मला आत बोलावलं.

"माझ्या बियात काय खोट हाय?" ते शेतकरी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. "चारशेत आठ मेले दुसऱ्या बारीला. मग पैल्या बारीला एकाच गुंडाळीत सात कसे? मोजायला कोण बसवलाय ते बघा की जरा. नामांतराच्या मोर्चाला पुढं असतोय तो. फुटके दाणे निवडून त्या गुंडाळीत टाकले त्यानं, दुसरं काय?"

"असं इथं बोलू नका," साहेब म्हणाले, पण ते बोलताना ते टेबलावरच्या प्रस्तावाकडे बघत होते.

"मी कुटं काय बोलायलाव? ह्या पोराला इचारा. हे तर आपल्यातलेच हायत."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं ते संभाव्यतेचं चाललंय ना? हे सात आपोआप येऊ शकतात का, तेवढं गणितानं सांगा. लेखी द्या. म्हणजे कुणाच्या तोंडाचा प्रश्न येत नाही."

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या खोलीत मला कुणाबद्दलही मत द्यायचं नव्हतं. आकडा देईल तेच मी सांगणार होतो.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. शंभर दाणे, शेकडा दोन मरणारे, म्हणून सरासरी दोन. विचलनासाठी शंभर गुणिले दोन शतांश गुणिले अठ्ठ्याण्णव शतांश, म्हणजे एक पूर्णांक शहाण्णव. त्याचं वर्गमूळ एक पूर्णांक चार. बरोब्बर एक पूर्णांक चार. उत्तर इतकं सुबक आलं की मला ते खरंही वाटलं. सात हा आकडा सरासरीपासून पाचानं दूर. पाचाला एक पूर्णांक चारनं भागलं की साडेतीनच्या वर. कोष्टकात खाली खाली गेलो, तर साडेतीनच्या पुढे ओळच नव्हती. शेवटच्या ओळीतही चार हजारांत एकदा एवढीच शक्यता दिली होती.

मी लिहिलं: 'एका गुंडाळीत सात किंवा अधिक दाणे केवळ योगायोगाने मृत निघण्याची शक्यता चार हजारांत एकाहूनही कमी आहे. सबब हा फरक नैसर्गिक मानता येत नाही.'

दुसरी ओळ कुठल्याच कोष्टकात नव्हती. ती माझी होती.

कागद देऊन बाहेर आलो तेव्हा दादा मोजत बसले होते. काय चाललं आहे ते त्यांना कळलं होतं. कचेरीची भिंत पातळ होती.

"किती आलं, सायेब?"

"चार हजारांत एक."

त्यांनी पाच दाणे ओढले, मग हात थांबवला. "मग तो एक कुटं तरी येणारच की. न्हाई का? एवढ्या गुंडाळ्या लावतो आपण."

मी म्हणालो, "तसं नसतं ते, दादा." ते तसंच असतं.

प्रस्ताव परत गेला. पुढच्या महिन्यापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली मोजणीची पाटी पुसून कपाटात ठेवली आणि माझ्याकडे न बघता सगळ्यांना मिळून रामराम केला, जयभीम केला. मी वहीत डोकं घालून होतो. त्यांच्या जागी आलेला माणूस दाणे बघून उचलायचा. मी त्याला दोनदा हटकलं, मग सोडून दिलं.

पुढं वर्षभरानं, गोदामात एका हमालाला जवारीचं पोतं रितं करताना पाहिलं. त्यानं ते भिंतीशी ओतलं. मोकळ्या जागेत ओतलेल्या धान्याची रास चहूकडे सारखी पसरते. भिंतीशी ओतली की तिला एका बाजूनं जागाच नसते, मग ती दुसऱ्या बाजूला लांबवर घरंगळत जाते. मी तिथंच उभा राहिलो. कपाशीच्या टेकडीला दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. जवारीचे शंभरात दोनच मरत होते. दोनाच्या डाव्या हाताला फक्त एक आणि शून्य, त्यापुढे भिंत. शून्याहून कमी दाणे मरू शकत नाहीत. रास उजवीकडेच पसरणार होती: चारकडे, पाचाकडे, सहाकडे, साताकडे. सारखी टेकडी तिथं नव्हतीच, आणि मी तिचंच कोष्टक लावलं होतं.

कचेरीत आलो. पुस्तक उघडलं. त्या युक्तीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत तळटीप होती: मरणाऱ्यांची आणि उगवणाऱ्यांची सरासरी, दोन्ही निदान पाचाच्या वर असतील तरच ही पद्धत वापरावी. माझी सरासरी दोन होती. ती तळटीप मी त्या दिवशी पाहिली नव्हती, की पाहून पुढं गेलो होतो, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. लॉगची कोष्टकं घेऊन द्विपद वितरणाचं एकेक पद काढलं. एकही न मरण्याची शक्यता, एक मरण्याची, दोन मरण्याची, असं सहापर्यंत. बेरीज नऊशे शहाण्णव सहस्रांश आली. उरले हजारात चार. म्हणजे सात किंवा जास्त मरण्याची शक्यता अडीचशेत एक. माझ्या आकड्याच्या कितीतरी पट. पुन्हा केलं. तेच आलं.

त्यानंतर दादांची वही काढली. त्या हंगामात इतक्याच चांगल्या जवारीच्या गुंडाळ्या त्यांनी किती लावल्या होत्या ते मोजलं. अडीचशेच्या जवळपास होत्या. म्हणजे त्यांनी मान खिडकीकडे वळवून, नियमानं, एकही दाणा न निवडता काम केलं असतं, तरी सातांची एखादी गुंडाळी येणं साहजिक होतं. ती आली. ती कुणाच्या पोत्यातून आली एवढाच काय तो योगायोग.

मी आकडेमोडीचे कागद घडी करून पाकिटात घातले आणि पाकीट घरी ट्रंकेत ठेवलं. माझा कायम होण्याचा हुकूम चार महिन्यांवर आला होता.

ते चार महिने मी घाबरून काढले. साहेबांनी हाक मारली की वाटायचं, त्यांना कळलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते पुस्तक दिसलं की मी मागून जाऊन कुठलं पान उघडलंय ते बघायचो. एकदा जीपचा आवाज आला म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि उन्हात अर्धा तास उभा राहिलो. पाणीपुरवठ्याची जीप होती. सत्य सांगितलं तर तो शेतकरी काय करेल, साहेब काय लिहितील, गावी वडिलांना कोण काय म्हणेल, टपरीवर मला कुठल्या बाकावर बसवतील, या सगळ्याची भीती वाटली. दादांच्या घरी त्या चार महिन्यांत चूल कशी पेटत असेल याचा विचार माझ्या मनात आला तो सगळ्यात शेवटी. हेही लिहून ठेवायला हवं.

हुकूम आला. त्यानंतर आठ दिवसांनी मी साहेबांपुढे दुरुस्तीची टिपणी ठेवली. त्यांनी ती वाचली. "गणित बरोबर आहे?" विचारलं. मी हो म्हणालो. "पण जागा भरली की हो," ते म्हणाले. "हे आता मी कुठं जोडू?" त्यांनी ती फायलीत सर्वांत खाली ठेवली.

मग सोमवारी बाजाराचं निमित्त करून एसटीनं ताडकळसला गेलो. बाजार भरला होता. दादा एका धान्याच्या आडतीवर पोती शिवत बसलेले दिसले. दाभणात सुतळी ओवत होते. मला पाहून उठले नाहीत. "या सायेब," म्हणाले, आणि बाजूचं रिकामं पोतं पुढं सरकवलं. मी बसलो. आजूबाजूला कोण बघतंय ते आधी पाहिलं.

मी सगळं सांगितलं. रास, भिंत, तळटीप, अडीचशेत एक. ते शिवत होते. मधे एकदा म्हणाले, "म्हंजे आली की न्हाई ती कुटं तरी?"

"आली."

"मी तुमाला तवाच म्हणलं हुतं."

"हो."

"तुमी सात महिने माझ्या शेजारी बसलाव. मी कवा दाणा निवडून टाकला का?"

"नाही."

"मग कागदाला काहून इचारलं?"

आडतीचा मालक पलीकडून ओरडला, "अरे गप्पा कमी कर, गाडी भरायची हाय." दादांनी टाका घातला, सुतळी तोडली.

मी खिशातून टिपणीची नक्कल काढून त्यांच्यापुढं धरली. म्हणालो, "हे ठेवा. अर्ज करा वर. यात सगळं लिहिलंय."

त्यांनी हात धोतराला पुसले, कागद घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. अकरा वर्षं ज्यानं सरकारी कचेरीत काढली त्याला कागद कुठं बघायचा ते कळतं.

"यावर सही न्हाई, सायेब."

नव्हती. नक्कल करताना मी आकडे, पदं, बेरीज सगळं उतरवलं होतं आणि सहीशी थांबलो होतो. विसरलो म्हणालो. त्यांनी आडतीवाल्याच्या गल्ल्यावरचं पेन मागून आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"तारीक टाका."

तारीख टाकली. त्यांनी कागद वाळू दिला, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "आता झाला कागद," म्हणाले. "तुमाला बस असंन." मी उठलो.

त्या दिवसापासून मी वाट बघत राहिलो. तो कागद वरच्या कचेरीत जाईल, मला बोलावणं येईल, विचारतील की चूक कळल्यावर चार महिने काय केलंत. माझी बदली झाली, पुन्हा झाली. विद्यापीठाला नाव लागलं. दादांचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही; विचारलं की माझं नाव त्या गोष्टीत यायचं. रोज सकाळी शिपाई टपालाचा गठ्ठा टेबलावर ठेवायचा, मी पाकिटं उलटीसुलटी करून बघायचो. तो कागद आला असता तर दादांचं काम होण्याची थोडी तरी आशा होती. तो नाही असं दिसलं की माझी छाती मोकळी व्हायची आणि मी चहा मागवायचो.